मेण चांगलं, वात अपुरी: नवशिक्यांसाठीच्या सोया मेणबत्ती संचाचं परीक्षण

'मधोमध खड्डा पडतो आणि मेणबत्ती विझते', 'वास येतच नाही', 'काचेला आतून पांढरे चट्टे आले'. घरी पहिल्यांदा मेणबत्ती करणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात, आणि दोष दिला जातो मेणाला. बाराशे रुपयांच्या आसपास मिळणारा एक किलोचा सोया संच आम्ही पूर्ण वापरून पाहिला, तेव्हा चित्र नेमकं उलट दिसलं. मेणात काही खोट नाही. खोट वातीत आहे, थर्मामीटरमध्ये आहे आणि सगळ्यात जास्त माहितीपत्रकात आहे. विक्रेत्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतले बरेच संच याच धाटणीचे असतात. तुमच्या हातातला डबा दुसरा असला तरी खालचं बहुतेक सगळं त्याला लागू पडेल.

संचात असतं ते असं: एक किलो सोया मेणाचे पापुद्रे, ७.५ सेंटिमीटर आतल्या व्यासाचे दोन काचेचे ग्लास, ६ सेंटिमीटरच्या चार पत्र्याच्या डब्या, पत्र्याची चकती लावलेल्या १५ तयार वाती, वात चिकटवायचे स्टिकर, वात मधोमध धरणाऱ्या दोन पट्ट्या, सुगंधी तेलाच्या १० मिलिलिटरच्या तीन बाटल्या, रंगाचे चार तुकडे, ॲल्युमिनियमचा जग आणि तबकडीचा थर्मामीटर. ग्लासात २०० ग्रॅम आणि डबीत १०० ग्रॅम मेण बसतं, म्हणजे सगळं भरून ८०० ग्रॅम लागतं. उरलेलं २०० ग्रॅम मेण चुका दुरुस्त करायला ठेवा, ते लागतंच.

आधी वातीचं बघू, कारण निम्म्याहून जास्त प्रश्न तिथेच सुटतात.

वात मुख्यतः स्वतः जळत नाही. ती वितळलेलं मेण वर ओढते आणि त्या मेणाची वाफ जळते. ज्वालेच्या उष्णतेनं जेवढं मेण वितळतं आणि वात जेवढं ओढते, त्यांचा मेळ बसला की मेणबत्ती नीट जळते. संचातल्या १५ही वाती एकाच जाडीच्या आहेत, भांडी मात्र दोन मापांची. ६ सेंटिमीटरच्या डबीत ही वात सुरेख चालते. अडीच तासांत मेणाचं तळं कडेपर्यंत पोचतं, खोली एक सेंटिमीटरच्या जरा आत, ज्वाला स्थिर. तीच वात काचेच्या ग्लासात लावली की तीन तासांनंतरही तळं जेमतेम पाच सेंटिमीटरचं होतं आणि कडेला सव्वा सेंटिमीटर जाडीची मेणाची भिंत तशीच उभी राहते. दुसऱ्यांदा लावल्यावर ज्वाला त्या विहिरीत आणखी खाली जाते, तळ्यातलं मेण वातीच्या टोकापर्यंत चढतं आणि वात बुडून विझते. मेण निम्म्याहून जास्त शिल्लक असतानाच मेणबत्ती संपलेली असते.

यावर उपाय एकच, ग्लाससाठी पुढच्या एक-दोन मापांची जाड वात. संचातल्याच दोन वाती शेजारी शेजारी लावायचा मोह होतो, पण ७.५ सेंटिमीटरमध्ये त्या फार जवळ येतात, ज्वाला एकमेकींना भिडतात आणि काच नको तेवढी तापते. दोन वातींचा विचार साधारण ९ सेंटिमीटरच्या पुढच्या भांड्यासाठी करावा. आणि वातीचा नंबर हा त्या त्या बनावटीचाच असतो. एका कंपनीचा ८ नंबर दुसरीच्या ८ नंबराइतकाच जाड असेल असं नाही. म्हणून वात विकत घेताना भांड्याचा आतला व्यास आणि मेण सोया आहे की पॅराफिन (पेट्रोलियमपासूनचं नेहमीचं मेण), या दोन गोष्टी दुकानदाराला सांगून घ्या. सोया मेण वातीतून तितकं सहज चढत नाही, त्यामुळे त्याच भांड्याला पॅराफिनपेक्षा बहुधा जाड वात लागते.

वात बरोबर आहे का, हे तपासायची पद्धत सोपी आहे. वात ५ ते ६ मिलिमीटर ठेवून कापा. नेलकटर त्यासाठी कात्रीपेक्षा बरा. पंखा बंद ठेवून मेणबत्ती लावा आणि व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला एक तास, या हिशोबानं जळू द्या. ग्लासाला तीन तास लागतील. त्यानंतर कडेला पातळसा थर राहिला असेल तर घाईनं जाड वातीकडे वळू नका. मेणबत्ती अर्ध्यावर आली की काच वरपर्यंत गरम राहते आणि तो थर आपोआप उतरतो. सुरुवातीलाच काठोकाठ वितळवणारी वात पुढे जाऊन ग्लास भाजेल इतकी तापवते. भिंत सेंटिमीटरहून जाड राहिली तर मात्र वात बारीकच आहे. उलट ज्वाला लांब होऊन थरथरतेय, काचेच्या कडेला काळं धरतंय, तळं दीड सेंटिमीटरहून खोल झालंय, तर वात जाड आहे किंवा कापायची राहिली आहे.

वातीच्या टोकावर काळं बोंड येतं, तेही याच कुळातलं. वात लांब असेल, जाड असेल किंवा तेल जास्त पडलं असेल तर न जळलेला कार्बन टोकाशी साचतो. समईची काजळी झाडल्याशिवाय आपण ती पुन्हा लावत नाही. मेणबत्तीलाही प्रत्येक वेळी लावण्याआधी तेवढंच करायचं असतं, पण ते मेण थंड असताना. गरम तळ्यात काजळी पडली की ती पुढच्या वेळी पेट घेते.

खड्डा पडलेली मेणबत्ती वाचवता येते. स्वयंपाकाच्या ॲल्युमिनियम फॉइलची टोपी ग्लासाच्या कडेवर बसवा, मध्ये रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं भोक ठेवा आणि तासभर जळू द्या. उष्णता आतच राहते आणि कडेचं मेण उतरतं. फॉइल तापते, ती चिमट्यानंच काढा, आणि तेवढा तास समोरून उठू नका.

आता तापमान. संचातला थर्मामीटर बघायला छान आहे, पण आमच्या हाती आलेला उकळत्या पाण्यात ९२ दाखवत होता. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं, म्हणजे काटा सहा अंश मागे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि पहिल्या घाण्याआधी करायलाच हवी. दुसरी गोष्ट पत्रकात कुठेच नाही. तबकडीच्या थर्मामीटरला तापमान केवळ टोकाला कळत नाही, दांडीच्या खालच्या पाचेक सेंटिमीटरभर कळतं. जगात दोनच सेंटिमीटर मेण असेल तर काटा खराही असला तरी खोटंच सांगेल. थोडं मेण वितळवताना अरुंद, उंच भांडं घ्या.

मेण वितळवायचं ते पाण्याच्या पातेल्यातच. पातेल्यात चार बोटं पाणी, तळाशी कुकरमधली जाळी आणि तिच्यावर जग, म्हणजे जगाचा तळ पातेल्याला टेकत नाही. असं केलं की मेण ९८ च्या वर जाऊच शकत नाही. संचाच्या पत्रकात 'जग मंद आचेवर थेट ठेवला तरी चालेल' असं छापलं आहे. ते चालणार नाही. मेणाला उकळी फुटत नाही, ते आधी धुरकटतं आणि मग पेट घेतं, आणि पातळ ॲल्युमिनियमला तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. मेण पेटलंच तर गॅस बंद करा, झाकण टाका, भांडं जागचं हलवू नका. पाणी अजिबात ओतू नका, कारण पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण उडतं. हे एक वाक्य पत्रकात नाही, ही या संचातली सगळ्यात गंभीर उणीव.

कृती अशी बसते: मेण ८० अंशांपर्यंत न्या, आच बंद करा, ७५ ते ८० च्या दरम्यान सुगंधी तेल घाला, दोन मिनिटं हळूहळू ढवळा, ५५ ते ६० अंशांवर आलं की बारीक धारेनं ओता. जोरात ढवळलं की हवा मिसळते आणि नंतर वर टोचल्यासारखी भोकं दिसतात.

वास न येण्याचं कारण सरळ अंकगणितात आहे. सोयासाठी मेणाच्या वजनाच्या ६ टक्के तेल ही चांगली सुरुवात. २०० ग्रॅमच्या ग्लासाला १२ ग्रॅम, १०० ग्रॅमच्या डबीला ६ ग्रॅम. दोन ग्लास आणि चार डब्या मिळून ४८ ग्रॅम तेल हवं. संचात आहे ३० मिलिलिटर, म्हणजे ढोबळमानानं ३० ग्रॅम. त्यावर पत्रक सांगतं 'प्रत्येक मेणबत्तीत १० ते १५ थेंब घाला'. वीस थेंबांचं साधारण एक मिलिलिटर होतं. १५ थेंब म्हणजे पाऊण मिलिलिटर, २०० ग्रॅम मेणात अर्धा टक्कासुद्धा नाही! असा ग्लास जळताना नाक जवळ नेऊनही काही कळत नाही. तेव्हा आहे ते तेल ५०० ग्रॅम मेणातच वापरा, म्हणजे तीन डब्या आणि एक ग्लास तरी धड सुगंधी होतील, किंवा वेगळं तेल आणा. मोजायचं ते थेंबांनी नाही, एक ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर.

जास्त घालूनही उपयोग नाही. १० टक्क्यांच्या पुढे बहुतेक सोया मेणं तेल धरून ठेवत नाहीत, ते वर दवासारखं साचतं आणि वात चोंदते. केकचा व्हॅनिला इसेन्स, गुलाबपाणी, रूम फ्रेशनर यांतलं काहीही चालत नाही. त्यांत पाणी किंवा अल्कोहोल असतं, ते मेणात मिसळत नाही आणि वात तडतडते. संचातल्या तीन तेलांपैकी मोगऱ्याचं खरोखर चांगलं आहे, फुलाच्या जवळ जाणारं. कॉफीचं जळकट वाटलं.

पत्रकातली तिसरी चूक म्हणजे '२४ तासांनी वापरायला तयार'. वापरता येते, पण सोया मेणात सुगंध मुरायला एक ते दोन आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी लावून 'वास फिका' असं ठरवलेल्या मेणबत्त्यांवर अन्याय होतो. पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात.

पृष्ठभागाचे दोष दिसायला वाईट असतात, पण बहुतेक निरुपद्रवी. पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटते तिला फ्रॉस्टिंग म्हणतात. सोया मेण म्हणजे हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं तेलच, आणि घरचं तूप सावकाश थंड झालं की जशी कणी धरतं तसंच हेही धरतं. ही भेसळ नाही, उलट बऱ्याचदा मेण सोयाचं असल्याचीच खूण. गडद रंगात ते जास्त उठून दिसतं, म्हणून पहिली मेणबत्ती बिनरंगाची किंवा अगदी फिकी करा. ओतण्याचं तापमान ५० ते ५५ वर आणून पाहा, बराच फरक पडतो.

काचेला आतून दिसणारे ओलसर चट्टे ओले नसतात. तिथे मेण आकसून काचेपासून सुटलेलं असतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा हे हमखास होतं. गार ग्लासात गरम मेण पडलं की कडेचं मेण आधी गोठतं आणि आतलं मागून ओढून घेतं. ग्लास साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा, हेअर ड्रायरनं हाताला कोमट लागतील इतके तापवा, एकमेकांपासून हातभर नाही पण दहा सेंटिमीटर तरी लांब ठेवा आणि ओतल्यावर वर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला. एवढं करूनही आठवड्यानं एखादा चट्टा येतो. दिवसा-रात्रीच्या तापमानातल्या फरकानं तो येणारच, मेणबत्तीच्या जळण्यावर त्याचा परिणाम नाही.

पंख्याचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या घरात तो बंद करायचं सुचतच नाही. ओतल्यावर पहिले दोन तास वरून वारा लागला की वरचा थर आधी गोठतो, आत हवा अडकते आणि वातीभोवती खड्डा पडतो. वरून सपाट दिसलं तरी खाली पोकळी असू शकते. थर धरल्यावर वातीजवळ बांबूच्या काडीनं दोन-तीन ठिकाणी टोचून बघा. काडी भसकन आत गेली तर भोक मोठं करून राखलेलं मेण घाला. नुसता वरचा खडबडीतपणा असेल तर हेअर ड्रायरनं वरचे दोन-तीन मिलिमीटर वितळवले की पुरे. पॅराफिन जास्त आकसतं, त्यात हा खड्डा जवळपास ठरलेला, म्हणून दहाएक टक्के मेण दुसऱ्या ओतासाठी बाजूला ठेवूनच सुरुवात करतात.

मे महिन्यात उलटा प्रश्न. पाकिटावर द्रवणांक ४८ ते ५० अंश लिहिला आहे. चाळिशीच्या उन्हात पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली मेणबत्ती वितळत नाही, पण मऊ पडते आणि तिला तेलाचा घाम येतो. टिश्यूनं टिपा आणि कपाटात ठेवा. उन्हाळ्यात तेल ६ टक्क्यांवरच थांबवलेलं बरं. पावसाळ्यात काळजी पाण्याची: पातेल्याची वाफ जगाच्या कडेवरून आत ठिबकते. पाणी मेणापेक्षा जड, ते तळाशी बसतं, त्यामुळे ओताना शेवटचा चमचाभर जगातच राहू द्या. जगाचा तळ फडक्यानं पुसून मगच ओता. तडतडणाऱ्या बऱ्याच मेणबत्त्यांचं कारण एवढंच असतं.

रंगाचे तुकडे ठीक आहेत, २०० ग्रॅमला पाव तुकडा भरपूर होतो. खाण्याचा रंग मेणात विरघळत नाही आणि मेणखडू वात चोंदवतात.

भांड्यांपैकी डब्या चांगल्या, सांधा नसलेल्या आहेत. जळताना तळ तापतो, त्यामुळे खाली फरशीचा तुकडा किंवा ताटली हवीच. ग्लासची काच जाड आहे. वातीच्या चकतीची मान मात्र फक्त तीन मिलिमीटरची आहे. मान उंच असली तर मेण संपत आलं की ज्वाला आपोआप विझते. इथे ती जवळजवळ काचेला टेकेपर्यंत जळेल. त्यामुळे तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की मेणबत्ती शांत करा आणि उरलेलं गरम पाण्याच्या वाफेवर सैल करून काढून घ्या. बेसिनमध्ये मेण ओतू नका, पाइपात गोठलं की प्लंबरच बोलवावा लागतो. स्टिकर कोरड्या काचेला घट्ट धरतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

कुंभारवाड्यातून पणत्या किंवा कुल्हड आणून त्यांत हे मेण ओतायचा बेत असेल तर आधी एक करून पाहा. चकाकी न चढवलेली माती मेण शोषते, बाहेरून तेलकट डाग येतो आणि खालच्या टेबलावर तो उतरतो. शिवाय पणतीचं तोंड पसरट आणि मेण उथळ, तिला संचातली वात मोठी होते.

मग घ्यावा का? पूर्णपणे नवख्या माणसानं, एकाच जागी सगळं मिळावं म्हणून घ्यायला हरकत नाही, कारण मेण, डब्या आणि स्टिकर पैसे वसूल करतात. त्यासोबत तीन गोष्टी लगेच घ्या: ग्लाससाठी दोन मापांच्या जाड वाती प्रत्येकी पाच, सुगंधी तेल आणखी २० ग्रॅम आणि साधा डिजिटल थर्मामीटर. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास हे सुटं मिळतं. गाडी लांब लावून चालत गेलेलं बरं. मेण सुटं घेणार असाल तर 'ग्लासात भरायचं की साच्यातून काढायचं' हे आधी सांगा. साच्याचं मेण कडक असतं, ते जास्त आकसून काचेपासून सुटतं. ग्लासाचं मेण साच्यातून अखंड निघत नाही. 'पॅराफिन ५८-६०' म्हणून पांढऱ्या लाद्या मिळतात, त्यातले आकडे द्रवणांकाचे. साच्यासाठी त्यात ५ ते १० टक्के स्टिअरिक ॲसिड घातलं की मेणबत्ती कडक होते आणि सहज सुटते. वातीची गुंडी घेतली तर ती कोरडी असते. तुकडे करून ७५-८० अंशांच्या मेणात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायचे आणि फॉइलवर ताणून सरळ वाळवायचे.

दिवाळीसाठी करणार असाल तर पंचांगच सोयीचं आहे. कोजागिरीला ओतलेली सोया मेणबत्ती लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण पंधरा दिवस मुरते. म्हणजे वातीची चाचणी नवरात्रातच उरकायला हवी, आणि त्यासाठी एक डबी नि एक ग्लास पूर्ण जाळून पाहावा लागतो.